आजऱ्याहून कोल्हापूरला शिकायला: खोली, मेस आणि पाच वर्षं (माझा अनुभव)

२०१९ च्या जूनमध्ये मी आणि आण्णांनी एका दिवसात कोल्हापुरात अकरा खोल्या बघितल्या. शाहू जयंतीच्या आधीचा आठवडा होता. आजऱ्याहून सकाळची पहिली एसटी धरली, उत्तूर, निपाणी, कागल करत साडेनऊला सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला उतरलो, हातात एक पिशवी, त्यात माझे सगळे दाखले प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये आणि आईनं बांधून दिलेल्या भाकरी. संध्याकाळी पाचची गाडी धरून परत जायचं होतं, कारण घरी जनावरं होती आणि रोप लावणीला आलं होतं.

ॲडमिशन त्याच्या आधी झालं होतं, बी.एस्सी. फर्स्ट इयर, शहरातल्याच एका कॉलेजला. पुण्याचा विषय निघाला नव्हता असं नाही, मामानं काढला होता, पण आण्णा म्हणाले पुण्यात आपलं कोण हाय, पोरगी आजारी पडली तर आम्ही पोचणार कधी. कोल्हापूर म्हणजे तीन तास. सकाळी निघालं की जेवायच्या आत पोचतंय माणूस. आमच्याकडच्या निम्म्या पोरांचं कोल्हापूर ह्या एका हिशोबानंच ठरतं आणि मला आता वाटतं तो हिशोब बरोबर होता.

ॲडमिशनचं फार काही सांगत नाही, सगळीकडं असतंय तेच, टीसी, मार्कलिस्ट, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि लाईनीत उभं राहायचं. फक्त एक, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि आमच्याकडं गेल्या वर्षीचा होता, त्यापायी आण्णांचा एक अख्खा दिवस तहसीलला मोडला. निकालाची वाट बघत बसू नका, मे महिन्यातच सेतूत जाऊन दाखले काढून ठेवा. आणि आधारला बँक खातं जोडलंय का ते पण तेव्हाच बघा, माझं जोडलेलं नव्हतं आणि पहिल्या वर्षीची स्कॉलरशिप त्यामुळं दुसऱ्या वर्षी हातात आली.

तर खोल्या. कॉलेजच्या हॉस्टेलला माझा नंबर लागला नाही, जागाच कमी होत्या. मग राहिलं काय तर कॉट बेसिस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्यानं मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. एका खोलीत तीन-चार कॉट, एक कपाट निम्मं-निम्मं, बाथरूम बाहेर आणि प्रत्येकीचं भाडं वेगळं. राजारामपुरी, टाकाळा, शाहूपुरी ह्या भागात फाटकाला पाट्याच असतात, मुलींसाठी कॉट बेसिसवर रूम मिळेल. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं पुढं पुढं, त्यामुळं खेड्यातनं आलेलं माणूस पण चुकत नाही. आण्णा नंबर मोजत पुढं आणि मी मागं.

प्रश्न सगळीकडं तेच. पहिला, आडनाव काय. दुसरा, मटण-मासं खाता काय. तिसरा, संध्याकाळी किती वाजता आत येणार. तिसऱ्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही, दुसऱ्याचं थोडं वाटलं. पहिल्याचं मात्र त्या दिवशी फार लागलं. सातवी का आठवी खोली होती, जिना चढून वर गेलो, खोली बघितली, उजेड चांगला होता, भाडं पण परवडणारं, आण्णांनी खिशात हात घातला होता, मग घरमालकांनी आडनाव विचारलं, आण्णांनी सांगितलं, आणि ते म्हणाले अहो सकाळीच एकांनी फोनवर सांगितलीय, विसरलोच मी. आम्ही खाली आलो तर पाटी तशीच होती. ती पाटी पुढं पंधरा दिवस तशीच होती, कारण माझा कॉलेजला जायचा रस्ता तोच झाला. आण्णा काही बोलले नाहीत. कोपऱ्यावर उसाच्या रसाचा गाडा होता तिथं मला रस पाजला, स्वतः घेतला नाही, आणि म्हणाले चल अजून तीन-चार पाट्या हाईत.

ह्याच्यावर मला थोडं जास्त लिहायचंय. आम्ही मधे दसरा चौकात गेलो होतो, आण्णांच्या ओळखीचे एक सर तिथं भेटणार होते. दसरा चौकात मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला बोर्डिंगच्या जुन्या इमारती. सरांची वाट बघत आम्ही तिथं अर्धा तास उभे होतो. शाळेत मी दर वर्षी २६ जूनला भाषण करायची, छत्रपती शाहूंनी वसतिगृहं काढली, कोल्हापूर ही विद्यार्थी वसतिगृहांची जननी, ही वाक्यं मला झोपेत पण पाठ होती. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, सन-सनावळीसकट. पण का काढली हे मला त्या दिवशी कळलं. खेड्यातलं पोरगं शिकायला शहरात आलं की त्याला शाळेत नाव घालायची अडचण नव्हती एवढी, राहायची आणि जेवायची होती. कोण घरात घेणार आणि कोण ताटात वाढणार. महाराजांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून बघितलं, ते जमेना, तेव्हा एकेका समाजाला पुढं करून जागा दिल्या, पैसा दिला आणि बोर्डिंग उभी केली.

कर्मवीर भाऊराव पाटील पण असेच कोल्हापुरात बोर्डिंगला राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले म्हणून परत आल्यावर त्यांना बोर्डिंगवाल्यांनी आंघोळ करून आत ये म्हटलं, ते नाही म्हणाले, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. हीच ती गोष्ट आम्ही पुस्तकात वाचलेली. ज्या माणसाला ह्या गावात राहायची जागा सोडावी लागली त्या माणसानं पुढं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यात हॉस्टेलं उभी केली. हे सगळं मला माहीत होतं पण आतनं कळलं ते तो जिना उतरल्यावर.

शेवटची, अकरावी खोली. राजारामपुरीच्या वरच्या अंगाला, जुनं कौलारू घर, मागं वाढवलेली स्लॅबची खोली. काकूंनी दार उघडलं, आम्ही खोलीचं विचारायच्या आधीच त्यांनी आमच्याकडं बघून विचारलं, जेवलासा काय? आम्ही जेवलो नव्हतो, भाकरी तशीच पिशवीत होती. त्यांनी आत बसवलं, ताटं दिली, आमटी दिली, आणि आमची भाकरी आम्ही त्यांच्या आमटीबरोबर खाल्ली. आडनाव त्यांनी विचारलंच नाही, ते त्यांना डिपॉझिटची चिठ्ठी लिहिताना कळलं. भाडं महिना सतराशे, डिपॉझिट दोन महिन्यांचं, आठच्या आत घरात. आण्णांनी पैसे दिले आणि काकूंनी वहीचं पान फाडून स्वतःच्या अक्षरात पोच लिहून दिली. पावती घ्याच, कितीही चांगलं माणूस असलं तरी, माझ्या दोन मैत्रिणींचं डिपॉझिट दुसरीकडं बुडालंय. पुढच्या खेपेला आईनं काकूंना पाच किलो घनसाळ पाठवला, आमच्याकडचा वासाचा तांदूळ, तेव्हापासून दर सुगीला तो त्यांच्या घरी जातो.

खोलीत आम्ही चौघी. एक शिरोळ तालुक्यातली, एक कराडची, ती लॉ करत होती, एक कणकवलीची आणि मी. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. पहिले आठ दिवस मी रोज रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडले, आवाज येऊ नये म्हणून. नंतर कळलं कणकवलीची पण रडत होती. कराडची आमच्या बोलण्याला हसायची, कारण कोल्हापुरात मुली पण मी येतो, मी जातो, मी जेवलो असंच म्हणतात. दिवाळीपर्यंत ती पण येतो-जातो करायला लागली आणि घरी गेल्यावर आईचा ओरडा खाऊन आली. मी इथं गेले-आले लिहितेय खरं, पण बोलताना अजून गेलो-आलोच.

मेसचं सांगते कारण सगळ्यात जास्त फोन मला त्याबद्दलच येतात. दोन वेळचं महिना दोन हजार होतं तेव्हा, आता वाढलंय. तीन चपात्या किंवा दोन भाकरी, एक भाजी, आमटी, भात. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे तांबडा-पांढरा नाहीतर शाकाहारीला पनीर, आणि रात्री बंद. खाडा सलग तीन दिवस असला आणि आदल्या दिवशी सांगितला तरच पैशातनं वजा होतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं आणि पहिल्या महिन्यात गावाला गेलेले चार दिवस वाया गेले. रविवारी रात्री आम्ही चौघी मिळून भेळ नाहीतर मिसळ. मिसळ इकडं ब्रेडबरोबर खातात, स्लाईस ब्रेड, पाव नाही, कणकवलीचीला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

शहर पायी पुरतं. कोल्हापूरची ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती कोणी सांगत नाही. मला पाच वर्षांत गाडी लागली नाही. राजारामपुरीतनं भवानी मंडप चालत अर्धा तास, तिथनं अंबाबाईचं देऊळ समोर, महाद्वार रोडनं खाली गेलं की पंचगंगेचा घाट, उलट्या बाजूला रंकाळा. स्टेशन आणि सीबीएस जवळजवळच. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनची लायब्ररी, मी पहिल्याच महिन्यात मेंबर झाले आणि शनिवारी दुपारी तिथं जाऊन बसायची, पुस्तकं वाचायला म्हणून जायची आणि पेपर वाचून यायची बऱ्याचदा. गावात आमच्याकडं एक पेपर यायचा तो पण दुपारी, इथं सगळे पेपर सकाळी सकाळी पुढ्यात. खर्च सगळा धरून महिना पाच हजाराच्या आत बसायचा. माझी एक शाळेतली मैत्रीण त्याच वर्षी पुण्याला गेली, तिचं नुसतं भाडं त्याच्या आसपास होतं आणि कॉलेजला जायला दोन बस.

मग ऑगस्ट आला.

जुलैच्या शेवटाला जो पाऊस लागला तो थांबेचना. कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट पाणी झालं हे विचारतात, मला ते नवीन होतं. ३९ फूट इशारा, ४३ धोका. मेसमध्ये मावशी वाढता वाढता आकडा सांगायच्या, सकाळी एक, रात्री दुसरा. धोक्याची पातळी गेली तेव्हा लोक म्हणाले दर वर्षी जातंय, काय नाही. मग पन्नास झालं आणि कोणी काही बोलेना. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावाकडच्या गाड्या बंद, पंप पाण्यात बुडाले म्हणून नळाला पाणी नाही, पेट्रोल संपलेलं. राजारामपुरी उंचावर असल्यामुळं आमच्याकडं पाणी आलं नाही, पण खाली शाहूपुरीत, नागाळा पार्कात लोकांच्या घरात माणसाच्या उंचीचं पाणी.

शिरोळच्या आमच्या मैत्रिणीचं गाव नदीकाठी. तिचा घरचा फोन दोन दिवस लागत नव्हता. शेवटचं बोलणं झालं तेव्हा तिचे वडील जनावरं सोडून निघायला तयार नव्हते. ती कॉटवर बसून फोन लावायची, मग ठेवायची, मग परत लावायची, तिच्या मोबाईलचं चार्जिंग संपलं की आमचे घ्यायची, आणि लाईट नसल्यामुळं आम्ही आमचे मोबाईल बंद करून ठेवायचो, फक्त तिच्यासाठी. तिसऱ्या दिवशी रात्री एका अनोळखी नंबरवरनं तिच्या भावाचा फोन आला, सगळी शाळेत आहेत, म्हशी पण आणल्या. ती काही बोललीच नाही, फोन काकूंच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

पाण्याचा टँकर यायचा तो कधी यायचा त्याचा नेम नाही, रात्री अकराला पण यायचा. हॉर्न ऐकला की गल्लीतली सगळी घागरी, बादल्या, कुकर, दिसेल ते भांडं घेऊन पळायची. म्हातारी माणसं होती गल्लीत, त्यांचं पाणी आम्ही पोरी भरायचो, तिसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं, कोणी कुणाच्या घरी न्यायचं ते. मेसला भाजी नाही, दूध नाही, मावशींनी सात-आठ दिवस मसुरा आणि भात केला आणि कोण आलं कोण नाही ते लिहिलंच नाही, महिन्याच्या शेवटी म्हणाल्या ह्या आठ दिवसांचं काय धरू नका गं. त्यातच गल्लीतल्या बायकांनी ठरवलं की प्रत्येक घरातनं वीस चपात्या, चित्रदुर्ग मठात पुरातली माणसं आणली होती त्यांच्यासाठी. काकूंच्या घरात आम्ही चौघी लाटायला आणि त्या भाजायला. मला तोपर्यंत चपाती गोल यायची नाही, भाकरीवाली माणसं आम्ही. त्या आठवड्यात यायला लागली.

त्या आठ दिवसांनंतर मी कधी रडले नाही. गल्लीतलं प्रत्येक माणूस मला ओळखायला लागलं होतं आणि मी त्यांना.

एक मात्र आता कोणी खोली बघायला आलं की मी सांगते, भाडं विचारायच्या आधी विचारायचं, २०१९ ला इथं पाणी आलं होतं काय आणि २०२१ च्या पुरात कुठपर्यंत आलं होतं. घरमालकानं नाही सांगितलं तर शेजारच्या दुकानात विचारा, भिंतीवर खूण दाखवतात.

पुढचं दीड वर्ष काय लिहू. मार्च २०२० ला लॉकडाऊन, कपाटात सामान तसंच टाकून दोन जोड कपडे घेऊन गावी गेले ती वर्षभर परत आलेच नाही. दुसरं वर्ष जवळजवळ सगळं मोबाईलवर, घराच्या मागच्या टेकावर रेंज यायची तिथं छत्री घेऊन बसायचं. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं व्हिडिओत बघून कळत नाहीत, टायट्रेशनचा रंग नेमका कधी बदलतो ते स्वतःच्या हातानं ब्युरेट सोडल्याशिवाय समजत नाही, ते नुकसान आमच्या बॅचचं कायमचं झालं असं मला वाटतं. काकूंनी त्या काळात निम्मंच भाडं घेतलं. तिसऱ्या वर्षी कॉलेज सुरू झालं तर एसटीचा संप, कित्येक महिने आजऱ्याहून वडापनं, म्हणजे सीट भरून जाणाऱ्या खाजगी गाडीनं, गाडी बदलत बदलत, निपाणीला उतरून दुसरी धरून यायचं. पण आले. २०२२ ला बी.एस्सी. झाली.

एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात नंबर लागला आणि हॉस्टेल पण मिळालं. हे वेगळंच जग आहे, शहरात असून शहराच्या बाहेर. १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालेलं विद्यापीठ, ८५३ एकराचा परिसर, गेटमधनं आत आलं की समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आणि मागं मुख्य इमारत. सकाळी हॉस्टेलच्या मागं मोर ओरडतात, पहिल्या दिवशी मला वाटलं गावातच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांची पोरं इथं, त्यामुळं एका टेबलावर तीन तऱ्हेचं मराठी. खर्डेकर ग्रंथालयात मी दोन वर्षांत जेवढं वाचलं तेवढं आधीच्या तीनात नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा कमवा आणि शिका मध्ये होता, सकाळी लेक्चर, दुपारी काम, रात्री अभ्यास, आणि सेमिनारला सगळ्यात तयारीनं तोच यायचा. त्याच्या घरनं त्याला एक रुपया येत नव्हता. असं शिकता येतं ह्या गावात, आणि असं शिकणारा तो काही एकटा नव्हता.

आता जे जड गेलं ते पण सांगायला पाहिजे. शहर लहान म्हणजे ओळखी फार. वर्गातल्या मुलाबरोबर रंकाळ्यावर चहा प्याला तर संध्याकाळपर्यंत गावात कळतं, कारण आजऱ्याचं कोणी ना कोणी तिथनं जात असतंच. माझ्या एका मैत्रिणीचं शिक्षण ह्यातनं दोन महिने थांबलं होतं, नुसतं प्रोजेक्टचं बोलत बसले होते दोघं. तिच्या घरच्यांना समजवायला आम्ही चौघी तिच्या गावी गेलो, तिच्या आजीनंच शेवटी तोंड उघडलं आणि तिला परत पाठवली. पण ज्या ओळखीचा त्रास तीच ओळख उपयोगाला पण येते. सेकंड सेमिस्टरला मला रात्री ताप चढला, हॉस्टेलच्या मुलींनी काकूंना फोन केला, आता मी त्यांची भाडेकरू पण नव्हते, तरी त्या शेजारच्या पोराला घेऊन रिक्षानं आल्या, सीपीआरला, सरकारी दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. आण्णा सकाळी दहाला पोचले. तीन तासाचा हिशोब त्या दिवशी खरा झाला.

दुसरी गोष्ट नोकरीची. शिकायला कोल्हापूर भारी, पण शिकून झाल्यावर बहुतेक पोरं पुण्याची गाडी धरतात, ह्यात खोटं काही नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाईव्ह स्टार एमआयडीसी, इथं फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर, मेकॅनिकलवाल्यांना काम मिळतं, पण आयटीवाल्यांना आणि आम्हा सायन्सवाल्यांना जागा कमी. आमच्या बॅचचा ग्रुप आता बघितला तर सगळे हिंजवडी नाहीतर चाकणचे फोटो. मला त्याचं वाईट वाटतं. ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या पोरांची राहायची सोय केली त्या गावात त्याच पोरांना शिकून झाल्यावर राहता येत नाही, ह्याच्यावर कोणीतरी मन लावून काम करायला पाहिजे. थोडं थोडं बदलतंय पण. कराडची माझी मैत्रीण, लॉवाली, मुंबईला जायचं म्हणून खोली बघत होती, १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि ती इथंच राहिली. एवढी वर्षं वकील लोकांनी लावून धरलेली मागणी, आमच्या डोळ्यासमोर झाली. ती आता सीपीआरसमोरनं कोट घालून जाते आणि आम्हाला फोटो पाठवते.

मी पण राहिले. कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, लॅबमध्ये, कंपनीची बस कावळा नाक्यावरनं असते. पगार पुण्याच्या मैत्रिणींपेक्षा कमी आहे, पण महिन्याला गावी पैसे जातात आणि रविवारी संध्याकाळी मी घरी जाऊन सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत येऊ शकते, हे मी मोजून बघितलंय आणि मला ते पटतंय.

हे सगळं लिहायला बसले कारण माझ्या चुलत बहिणीची बारावी झाली. तिचं ठरलंय कोल्हापूरच, कॉलेज अजून ठरायचंय. काल काकूंना फोन केला कॉट रिकामी आहे काय विचारायला. आता त्यांच्याकडं एकच खोली चालू आहे, गुडघे दुखतात त्यांचे, जिना चढवत नाही. म्हणाल्या एक हाय रिकामी, खिडकीची, तुझीच. भाडं किती विचारलं तर म्हणाल्या आधी पोरगीला घेऊन ये, जेवायला येऊ दे, मग बघू. उद्या सकाळच्या गाडीनं ती आणि काका येतायत, साडेनऊला सीबीएसला उतरतील. दाखल्यांच्या झेरॉक्स तीन-तीन काढायला सांगितल्यात.